एक्केचाळीस गोष्टी सोडून

औषधाच्या खोक्यात जो घडी घातलेला कागद असतो, तो मी लिहितो. गोळ्यांच्या आधी तोच हाताला लागतो आणि लोक आधी तोच फेकून देतात. आठ घड्या, मुंगीच्या पायाएवढी अक्षरं, आणि त्यात मळमळ, चक्कर, अंगावर पुरळ, क्वचित मृत्यू. मृत्यू मी गेली सहा वर्षं लिहितोय. 'तुमचं ते मृत्यूचं वाक्य वाचलं, फार आतून उतरलंय हो,' असं आजवर एकाही माणसाने मला सांगितलेलं नाही.

म्हणून रविवारी मी लोकांना घाबरवतो.

म्हणजे तसा खेळ आहे. टेबलाभोवती बसायचं. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं. तो म्हणणार, 'समोर विहीर आहे.' हे म्हणणार, 'आम्ही वाकून बघतो.' मग फासे टाकायचे आणि वाकून बघण्याचे परिणाम भोगायचे. गोष्ट सांगतो त्याला गेम मास्टर म्हणतात. आमच्याकडे मास्तर म्हणतात, आणि ज्या सुरात म्हणतात त्यात आदर शोधायला गेलात तर हात हलवत परत याल.

पण मला ते चालतं. कारण रविवारी दुपारी दोन ते सव्वापाच, असे सव्वातीन तास तीन जिवंत माणसं माझ्याकडे बघत बसतात आणि मी बोलतो. आठवड्यातल्या उरलेल्या तासांत माझं कुणी ऐकत नाही. ऑफिसात माझा साहेब माझं वाक्य अर्ध्यावर आलं की 'मेल कर' म्हणतो. आईला मी काहीही सांगितलं तरी ती 'जेवलास का?' विचारते. तेव्हा हे सव्वातीन तास म्हणजे माझा जीव की प्राण, हे आधीच सांगून टाकतो.

तिघांपैकी पहिली माझी ताई. बस डेपोत वेळापत्रक करते. दुसऱ्या डॉक्टर, ताईच्या मैत्रीण, दातांच्या. आम्ही त्यांच्याच दवाखान्याच्या वेटिंग रूममध्ये बसतो, कारण रविवारी दवाखाना बंद. तिसरे मिस्त्री. ते लिफ्ट दुरुस्त करतात. त्या बिल्डिंगची लिफ्ट दुरुस्त करायला आले होते, 'काय चाललंय?' म्हणून डोकावले, बसले, त्याला आता चार वर्षं होतील. लिफ्ट अजून अधूनमधून अडकते.

भीतीच्या खेळात वातावरणाला फार महत्त्व असतं. मेणबत्ती हवी. डॉक्टरांकडे ऑक्सिजनचा सिलिंडर आहे, म्हणून मेणबत्ती सेलवरची. अंधार हवा. पडदे पातळ, म्हणून अंधारही दुपारच्या झोपेपुरताच. भिंतीवर एक मोठी दाढ आहे, तिला डोळे आहेत, हातात ब्रश आहे, आणि ती हसते. सहा वर्षांत त्या खोलीत माणूस दचकेल अशी वस्तू तेवढीच.

कारण ही तीन माणसं घाबरत नाहीत. घाबरायला अज्ञान लागतं आणि यांना सगळं येतं.

एकदा मी ओसाड हॉटेल केलं होतं. एकवीस पानं लिहिलेली. लिफ्ट आपोआप चौथ्या मजल्यावर येते. दार हळूहळू उघडतं. आत कुणीही नसतं. मी आवाज खाली आणला, श्वास रोखला.

"रिले चिकटलाय," मिस्त्री म्हणाले.

"मिस्त्री, ती शापित लिफ्ट आहे."

"शापित असू दे रे. रिले चिकटला की असंच होतं. माझ्या माणसाकडे पान्हा आहे का?"

फासे टाकले. चांगले पडले. लिफ्ट दुरुस्त झाली. उरलेला खेळभर त्या हॉटेलातली भुतं विनातक्रार वरखाली करत होती.

मग धुक्यातलं गाव केलं. गावात शिरलेला कुणीच परत जात नाही, वगैरे. ताईने विचारलं, "शेवटची बस कितीला आहे?" मी बेसावध होतो. म्हणालो, "सहा चाळीस." तिघंही सहा चाळीसच्या बसने निघून गेले. खेळ पंचवीस मिनिटांत संपला. मागे गावात मी आणि धुकं.

आणि म्हातारीचं भूत काढायचं तर मला म्हातारीचा एकच आवाज येतो, तो आईचा. आई ठणठणीत आहे, दोन गल्ल्या सोडून राहते. पण माझी प्रत्येक हडळ शेवटी 'किती वाळलायस' या वळणावर यायची आणि ताई उठून चहा टाकायला जायची.

तर अशा या लोकांच्या आयुष्यात मेंढ्या आल्या.

मिस्त्रींच्या साडूने त्यांना एक खेळ दिला. मोठा डबा. आत हिरवा पट, लाकडाचं कुंपण आणि शहाण्णव लाकडी मेंढ्या. मेंढ्या चारायच्या, कुंपण घालायचं, मेंढ्या वाढतात. बस. एका रविवारी मला सर्दी होती तेव्हा त्यांनी तो खेळून बघितला.

"काय शांत वाटतं रे," डॉक्टर मला म्हणाल्या. अशा बायकांच्या अंगावर मी काटा आणू बघत होतो.

"मेंढ्यांचं एक बरं असतं," मिस्त्री म्हणाले. "त्या बोलत नाहीत."

ताईने विषय मिटवला. तिला सगळ्याचं वेळापत्रक लागतं. "हे बघ, बाळा. आम्हाला तुझं मन मोडायचं नाही. पण दर रविवारी आम्ही घाबरल्यासारखं करायचं आणि तू खूश व्हायचं, हे किती वर्षं चालणार?"

"घाबरल्यासारखं करता?"

तिघांनी दाढेकडे बघितलं.

"या रविवारी एकदा शेवटचं घाबरव," ताई म्हणाली. "खरंखुरं. जमलं तर टेबल तुझं. नाही जमलं तर मेंढ्या."

"आणि मी?"

"तुला काळ्या मेंढ्या घे. कुणी घेत नाही."

मिस्त्रींनी शंका काढली की भीती मोजायची कशी. उगाच तोंडदेखलं नको. मग डॉक्टरांनी आतून बोटाला लावायचा चिमटा आणला. त्यावर नाडीचे ठोके दिसतात. शंभरच्या वर गेलं तर भीती, असं ठरलं. लगेच चाचणीही घेतली. मी माझी सर्वांत भेसूर किंकाळी मारली. मिस्त्री बहात्तर, डॉक्टर अडुसष्ट. ताईचे चौसष्टवरून एकसष्टवर आले.

त्या आठवड्यात मी बावीस पानं लिहिली. दीपगृह. समुद्र, वादळ, तीन पहारेकरी, चौथ्याची ओली पावलं. मी काही सांगत नाही, पण सातव्या पानावर मला स्वतःलाच उठून दाराची कडी बघून यावं लागलं. रविवारी पावणेदोनला मी दवाखान्यात हजर होतो आणि आयुष्यात पहिल्यांदा मला वाटत होतं की आज यांची पाचावर धारण बसणार.

आता चिठ्ठ्यांचं सांगायला हवं. असले खेळ खेळणाऱ्यांत ही एक रीत असते. खेळाच्या आधी प्रत्येकाने एका कागदावर लिहायचं की आजच्या गोष्टीत काय नको. कुणाला साप नको, कुणाला आग नको. नाव घालायचं नाही. मास्तराने एकट्याने वाचायचं, त्यातलं काहीही गोष्टीत येऊ द्यायचं नाही, आणि कुणी काय लिहिलं ते मरेपर्यंत सांगायचं नाही. ही रीत चांगली आहे. माणसं मजेसाठी घाबरायला आलेली असतात, खरंच भेदरायला नाही. मी ती सहा वर्षांत एकदाही मोडलेली नाही. एरवी तिघांच्या मिळून तीन-चार गोष्टी निघतात.

आमच्या चिठ्ठ्या कवळीच्या डबीत टाकतात. त्या दिवशी डबीचं झाकण लागत नव्हतं.

मी आतल्या खोलीत गेलो, रुग्णाच्या खुर्चीत आडवा झालो आणि वाचायला लागलो. पहिली चिठ्ठी दोन्ही बाजूंनी भरलेली. दुसरीला पुरवणी जोडलेली. तिसरी लिफ्टच्या तपासणीच्या छापील फॉर्मवर होती, तेव्हा नाव नसण्याचा तसा उपयोग नव्हता. एकूण एक्केचाळीस गोष्टी.

भुतं नकोत. अंधार नको. मेणबत्ती नको. लुकलुकणारी ट्यूब नको. पाणी नको. वादळ नको. लिफ्ट, लिफ्ट बंद असताना जिना, तळघर. दात आणि तोंडातलं काहीही. आरसा. खिडकीबाहेरचं काहीही. सावली. बंद दार. अर्धवट उघडं दार. लांब बोळ. रिकामा रस्ता. भिंतीतून आवाज. पावलांचे आवाज. बाहुल्या. म्हातारी, विशेषतः 'ओळखीच्या आवाजातली'. पाठमोरा माणूस. अनोळखी माणूस. आपल्यासारखंच दिसणारं कुणी. रिकामं घर. दुसऱ्या चिठ्ठीत भरलेलं घर. कुत्र्याला काहीही होणं.

मी दारातून डोकं बाहेर काढलं. "ही काय यादी आहे की किराणा?"

"शेवटचा खेळ ना," डॉक्टर म्हणाल्या. "म्हटलं राहून जायला नको."

"तू नाहीच सांगत कधी, एवढंच लिहा म्हणून," ताई म्हणाली.

मिस्त्री मेंढ्यांचा डबा मांडीवर घेऊन बसले होते आणि माझ्याकडे बघत नव्हते. कट होता की निव्वळ काटेकोरपणा, हे मला आजही सांगता येणार नाही. या लोकांच्या बाबतीत दोन्हीत फरक नसतो.

माझ्याकडे दहा मिनिटं होती. मी लाल पेन काढलं. माझ्या कामात मी खोडण्यात वाकबगार आहे. समुद्र गेला. वादळ गेलं. दीपगृहात जिना होता, तो गेला, त्याबरोबर वरचा दिवा गेला. पहारेकरी अनोळखी, तिघंही गेले. चौथ्याची पावलं गेली, ओली होती म्हणून दोनदा गेली. बावीस पानं उलटून मी काय उरलंय ते बघितलं. पहिल्या पानावर 'तुम्ही आत येता.' नवव्या पानावर 'खोली आहे.' सतराव्या पानावर 'टेबल'. बाविसाव्यावर 'समाप्त'.

चीटिंग करता आलं असतं. कुणाला पत्ता लागला नसता. पण मृत्यूच्या आधी 'क्वचित' लिहायचं ठरलं की लिहायचं, असल्या धंद्यात मी वाढलोय. मी बाहेर येऊन बसलो, यादी मांडीवर ठेवली आणि मनातल्या मनात काळ्या मेंढ्या मोजायला लागलो. चिमटा आधी डॉक्टरांच्या बोटाला होता. सत्तर.

"तुम्ही आत येता," मी म्हणालो.

तिघं थांबले. एरवी इथे पाऊण पान वातावरण असतं.

"खोली आहे."

"कसली खोली?" ताई.

मी यादी बघितली. "खोली."

"बरं. केवढी? बारा बाय दहा?" मिस्त्री.

"तेवढी."

"उजेड?" डॉक्टर.

अंधार नको होता, म्हणजे उजेड पाहिजे. "आहे."

"कुठून येतोय? ट्यूब आहे का?"

"ट्यूब नाही."

"खिडकी?"

"खिडकी नाही."

"मग उजेड कुठून येतोय?"

मलाही तेच कळत नव्हतं. "कुठून असा नाही. सगळीकडे सारखा आहे."

डॉक्टरांनी वर छताकडे बघितलं. त्यांच्या खुर्चीवरचा दिवा मुद्दाम तसा बनवलेला असतो, त्यामुळे त्यांच्या ते चटकन लक्षात आलं. "म्हणजे सावल्या पडत नाहीत?"

सावली, एकोणीस नंबर. "नाही."

"आमच्यासुद्धा?"

मी यादी पुन्हा वाचली. अपवाद लिहिलेला नव्हता. "तुमच्यासुद्धा."

चिमटा एक्क्याऐंशी म्हणाला. डॉक्टरांनी तो काढून मिस्त्रींच्या बोटाला लावला, जरा घाईनेच.

"मी भिंत ठोकून बघतो," मिस्त्री म्हणाले. "पोकळ की भरीव ते कळेल. आवाज कसा येतो?"

भिंतीतून आवाज, चोवीस नंबर, आणि हे त्यांच्याच फॉर्मवर होतं. "आवाज येत नाही."

"म्हणजे भरीव."

"नाही. म्हणजे आवाज येत नाही."

"ठोकतोय ना मी."

"ठोकताय."

मिस्त्रींनी बघितलं तर त्यांची बोटं खरोखरच टेबलावर ठोकत होती. त्यांनी हात मांडीवर घेतला. तीस वर्षं हा माणूस लोखंडावर ठोकून त्याच्या मनातलं ओळखतोय. अठ्ठ्याऐंशी.

"चला, निघू या इथून," ताई म्हणाली. तिचं नेहमीचंच. गावात शिरण्याआधी परतीचं बघते. "आलो ते दार आहे ना? बंद आहे?"

"बंद नाही."

"अर्धवट उघडं?"

"सताड उघडं आहे."

"छान. बाहेर काय दिसतंय?"

इथे माझी बोबडी वळली. बोळ नको, जिना नको, रस्ता नको, खिडकीबाहेरचं काहीही नको म्हणून मी बाहेर हा प्रकारच खोडून टाकला होता. माझ्याकडे बावीस पानांत मिळून एकच जागा शिल्लक होती.

"खोली आहे," मी म्हणालो.

"दुसरी खोली?"

"खोली आहे."

"केवढी?" मिस्त्रींनी विचारलं, पण हळूच.

"बारा बाय दहा."

 खाली रस्त्यावर कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती. मी मान खाली घालून बसलो होतो, कारण मला लाज वाटत होती. इतका टुकार खेळ मी कधी घेतला नव्हता. मला फक्त सव्वापाच वाजायला हवे होते.

"त्या दुसऱ्या खोलीत," ताई म्हणाली, आणि तिने स्वतःच मिस्त्रींच्या बोटाचा चिमटा काढून आपल्या बोटाला लावला, "कुणी आहे का?"

मी यादी वाचली. नियमाप्रमाणे नेमकं उत्तर द्यायचं म्हणून दिलं. "अनोळखी कुणी नाही."

मी हे वाक्य आजवर शंभर वेळा आठवून बघितलं आहे. त्यात काहीही नाही. औषधाच्या कागदावर घातलं तर कुणी वाचणार नाही.

ताई म्हणाली, "म्हणजे ओळखीचं आहे?"

चिमट्यातून बारीक आवाज यायला लागला. तो असा आवाज करतो हे डॉक्टरांनाही माहीत नव्हतं. एकशे चार. माझी ताई, जी माझ्या किंकाळीला एकसष्टवर आली होती.

"कोण आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

"मला सांगता येत नाही."

"का?"

"चिठ्ठीत आहे."

"कुणाच्या?"

"ते सांगायचं नसतं."

आता हे अक्षरशः खरं होतं. त्या खोलीत जे काही असू शकलं असतं ते सगळं चिठ्ठ्यांत होतं, म्हणून तर ती रिकामी होती. पण तिघांनी एकमेकांकडे असं बघितलं, जणू बाकीच्या दोघांपैकी एकाने घरून काहीतरी आणून त्या खोलीत ठेवलंय.

"मिस्त्री, तुम्ही काय लिहिलंत?" ताई म्हणाली.

"मी कशाला सांगू? तुम्ही काय लिहिलंत?"

"माझं साधं होतं हो."

"साधंच असतं सगळ्यांचं," मिस्त्री म्हणाले.

मग दीड तास ते बोलत होते. खोली झाडून बघितली, कोपरे मोजले, पहिल्या खोलीत मिस्त्रींच्या माणसाला खूण म्हणून उभं केलं आणि दुसऱ्या खोलीत गेले. तिथे कुणी नव्हतं, याने ते अधिकच हवालदिल झाले. परत आले तेव्हा डॉक्टरांनी विचारलं की खूण म्हणून उभा केलेला माणूस तोच आहे कशावरून. मिस्त्री म्हणाले, "मीच आहे हो!" पण त्यांनाही स्वतःची खातरी वाटत नव्हती. मी आपला विचारलं तर 'आहे' म्हणत होतो, नाही तर 'नाही' म्हणत होतो.

साडेचारच्या सुमारास माझ्या लक्षात आलं की माझ्याकडे एक शब्द अजून शिल्लक आहे.

"टेबल आहे," मी म्हणालो.

"आधी नव्हतं!"

"विचारलं नव्हतं."

"टेबलावर काय आहे?"

"काही नाही."

डॉक्टरांनी खुर्ची मागे सरकवली. "टेबलाखाली?"

मी यादी वरपासून खालपर्यंत वाचली. एक्केचाळीस गोष्टींत टेबलाखालचं कुणी काही लिहिलं नव्हतं. सगळ्या जगात तेवढीच एक जागा मोकळी होती. मला हुरूप आला. सहा वर्षांचा मास्तर जागा झाला.

"बघायचंय?" मी विचारलं.

"नाही!" तिघं एकदम.

आम्ही ज्या टेबलाभोवती बसलो होतो ते काचेचं आहे. वेटिंग रूममध्ये मासिकं ठेवतात तसलं. खाली काय आहे ते वरून स्वच्छ दिसतं. खाली आमचे पाय होते आणि एक जुनं मासिक. तरी तिघांनी पाय वर उचलून खुर्चीवर घेतले आणि तसेच बसले, एक पन्नाशीचा माणूस आणि दोन शिकलेल्या बायका. चिमटा आता कुणाच्याच बोटाला नव्हता, मेणबत्तीजवळ पडला होता. मिस्त्रींचं म्हणणं पडलं की तो तरीही काहीतरी आकडा दाखवतोय. कुणी वाकून बघितलं नाही.

सव्वापाचला मी 'समाप्त' म्हणालो. पडदे सरकवले, सगळे दिवे लावले, दिवसाउजेडी. ताई आणि डॉक्टर बाथरूमला जोडीने गेल्या. मिस्त्रींनी मेंढ्यांचा डबा कोपऱ्यात सरकवला आणि त्याच्यावर आपला रुमाल टाकला, का ते त्यांनी सांगितलं नाही.

निकाल एकमताने लागला. टेबल माझं.

"काय लिहिलंस रे मास्तर!" मिस्त्री म्हणाले. त्या 'मास्तर'मध्ये पहिल्यांदा आदर होता. "किती पानं होती?"

"बावीस."

"वाटलंच मला. कष्ट दिसतात."

"आणि खरं सांगू का?" डॉक्टर म्हणाल्या. "आज तू बोलत नव्हतास, त्यानेच मजा आली."

"हो, तेच," ताई म्हणाली. "यापुढे असंच कर. नुसतं 'आहे', 'नाही'. बाकी आमचं आम्ही बघतो."

मी घरी येऊन हिशेब केला. सव्वातीन तासांत मी जेमतेम दोनशे शब्द बोललो होतो. त्यातले निम्मे 'नाही'. ज्या खुर्चीसाठी मी जिवाचं रान केलं ती मिळाली होती, आणि अट अशी होती की तिच्यात बसून गप्प राहायचं. ते तर मी ऑफिसातही करतो, आणि तिथे निदान एसी आहे.

सोमवारी ताईचा फोन आला. इकडचं तिकडचं झालं, आईच्या गुडघ्यांचं झालं, मग म्हणाली, "त्या खोलीत माझ्या यादीतलं होतं ना?"

"ताई, सांगायचं नसतं."

"नको सांगूस. मी सांगते." मग तिने वीस मिनिटं सांगितलं. वेळापत्रकात नसलेली बस तिला दिसते. म्हणजे स्वप्नात नाही, डोक्यात. स्टॉपवर लोक उभे आहेत, त्यांची खरी बस दोन मिनिटांत येणार आहे, आणि त्याआधी ही येते. पाटी बरोबर, रंग बरोबर. लोक चढतात. आणि ताईला माहीत असतं की अशी बस तिने लावलेलीच नाही. "चढणाऱ्यांत एक बाई डबा विसरते, बाकावर," ताई म्हणाली. तिने हे यादीत लिहिलेलं नव्हतं. मी तिला तसं सांगितलं नाही, कारण सांगायचं नसतं.

मंगळवारी मिस्त्री ऑफिसात आले. आमच्या लिफ्टला काही झालेलं नव्हतं. ते माझ्या टेबलाशी उभे राहिले, खिशातून एक स्क्रू काढून त्यांनी माझ्या कीबोर्डवर ठेवला आणि म्हणाले, "सगळं बसवून झालं, लिफ्ट चालायला लागली, आणि हा उरला. नऊ वर्षं झाली. कुठल्या लिफ्टचा ते आठवत नाही. मी त्या वर्षी अडतीस बिल्डिंगा केल्या." मी ऐकून घेतलं. माझा साहेब काचेपलीकडून 'मेल करायला सांग' अशी खूण करत होता.

बुधवारी संध्याकाळी डॉक्टरांचा फोन. "तुला हसू येईल," त्या म्हणाल्या.

"नाही येणार."

"माझ्यासमोर सगळे आ करून बोलतात. आ आ ऊ ऊ. मी आपली हो हो करते, काही कळत नसतं. मला भीती वाटते की एक दिवस कुणीतरी असाच आ करून, जीभ न हलवता, अगदी स्वच्छ बोलेल."

"काय बोलेल?"

"काय बोलेल ते नाही रे! स्वच्छ बोलेल!"

मला हसू आलं नाही. मग त्या म्हणाल्या, "हेच होतं ना त्या खोलीत? बाकीच्या दोघांना मी विचारलं. ताई म्हणते तिचं होतं, मिस्त्री म्हणतात त्यांचं होतं. आता तूच काय ते सांग एकदाचं. चिठ्ठीतलं नको, नावं नकोत. फक्त तिथे काय होतं तेवढं सांग."

फोनवर त्या श्वास रोखून थांबल्या होत्या. सहा वर्षं मी ज्यासाठी पानंच्या पानं लिहिली ते हेच. आणि मला वाटलं, पुरे झालं. माझी ताई बसला घाबरते, एक सज्जन माणूस खिशात स्क्रू घेऊन फिरतो, आणि मी गप्प बसून मोठेपणा मिरवतोय. टेबल गेलं तर जाऊ दे. मेंढ्या तर मेंढ्या.

"डॉक्टर," मी म्हणालो, "खरं सांगतो. तिथे काहीच नव्हतं."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"ऐकताय ना? काहीच नव्हतं. तुम्हीच सगळं—"

"असं नको ना रे बोलूस," डॉक्टर अगदी बारीक आवाजात म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

दहा मिनिटांनी ताईचा फोन. "काय सांगितलंस तू तिला? बिचारीने दवाखाना लवकर बंद केला. काय होतं तिथे?"

"ताई, काहीच नव्हतं."

"म्हणजे?"

"म्हणजे काहीच."

तिने मागे कुणाला तरी, बहुतेक भाऊजींना, टीव्ही बंद करायला सांगितलं. मग म्हणाली, "पुन्हा सांग."

मी पुन्हा सांगितलं. माझ्या सख्ख्या बहिणीने बत्तीस वर्षांत माझं एक वाक्य पुन्हा मागून घेतलं नव्हतं. सातच्या सुमारास मिस्त्रींचा फोन आला. ते कुठल्यातरी बिल्डिंगच्या गच्चीवर होते, वारा ऐकू येत होता. त्यांनी काही विचारलंच नाही. नुसते म्हणाले, "बोल." मी बोललो. तीन शब्द. ते बराच वेळ काही म्हणाले नाहीत, आणि मीही फोन ठेवला नाही, कारण ते ऐकत होते.